लॉरिट्सचा पक्षी पडेना

आमच्या वेस्टरलुंडमध्ये जूनच्या दुसऱ्या सोमवारी आजारी पडायची कुणाला परवानगी नाही. त्या दिवशी नेमबाज मंडळाचा पक्षी असतो. गावाबाहेरच्या कुरणात साठ फूट उंच खांब, त्याच्या टोकाला रंगवलेला लाकडी पक्षी, आणि खाली चाळीस प्रतिष्ठित पुरुष पोटं सावरत बंदुका घेऊन रांगेत. आधी पंख पाडायचे, मग शेपूट, मग डोकं. शेवटी उरते ती छाती. छाती ज्याच्या गोळीने खाली येईल तो वर्षभर गावाचा राजा. आम्हा बायकांच्या वाट्याला कॉफी. तंबूतली कॉफी एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे कोण कसा नेम धरतो यापेक्षा कोण किती साखर खातो हे मला जास्त ठाऊक.

हा पक्षी बनवायचे माझे थोरले दीर, लॉरिट्स सुतार. पक्षी बनवणाऱ्याने बंदूक धरायची नाही असा मंडळाचा नियम, कारण छातीला खांबावर धरून ठेवणारी खुंटी नेमकी कुठे ठोकलीय ते त्याला एकट्यालाच माहीत असतं. सव्वीस वर्षं भाऊजी तंबूजवळच्या बाकावर बसून दुसऱ्यांना राजा होताना पाहत आले. मनातून त्यांना किती वाटायचं ते मला कळायचं. बोलायचे मात्र नाहीत.

पक्षी दुपारी बारापासून संध्याकाळी पाचपर्यंत टिकला पाहिजे. गेल्या वर्षी तो पावणेतीनलाच कोसळला. बँडवाल्यांचं जेवणही उरकलं नव्हतं, त्यात राजा ठरून मोकळा! मंडळाचे अध्यक्ष विंडिंगसाहेब, म्हणजे आमचे औषधवाले, सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "लॉरिट्स, पुन्हा असं झालं तर स्टेशनजवळच्या आक्सेल सुताराला सांगावं लागेल हं." हसत म्हणाले खरे, पण भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत.

पक्षी इतक्या लवकर का पडला ते मला एकटीला माहीत होतं. भाऊजींची नजर उतरत चालली होती. लाकडातली चीर त्यांना दिसलीच नव्हती.

"कुणाला सांगशील तर बघ, सिड्सेल," ते म्हणाले.

"मी कशाला सांगू? एक दिवस तुम्हीच गावाच्या तळ्यात पाय घालाल, मग कळेल सगळ्यांना."

यंदा त्यांनी एप्रिलपासूनच कामाला हात घातला. डोळ्यांवर भरवसा नाही, म्हणून सगळं बोटांनी चाचपत. आणि बोटांना कितीही जाड लागलं तरी त्यांचं समाधान होईना. एल्मच्या चिवट लाकडाचा गाभा, त्यावर आणखी एक फळी, त्यावर लोखंडी पट्टी.

"भाऊजी, हा पक्षी आहे की चर्चचा दरवाजा?"

"टिकला पाहिजे."

"टिकेल हो. आपण दोघं जाऊ, हा टिकेल."

आणि टिकला की! चारला पंख गेले, पाचला डोकं. छाती मात्र ढिम्म. सहा वाजले, सात वाजले. गोळ्या नुसत्या ठकठक लागायच्या आणि आत रुतून बसायच्या. बँडने तीच कूचाची धून सहाव्यांदा वाजवली. जेवणाच्या मंडपात डुकराचं भाजलेलं मांस वाळून चामडं व्हायला लागलं, आणि आचारीणबाई दर पाच मिनिटांनी येऊन पुरुषांच्या नावाने खडे फोडायला लागल्या. अंधार पडला म्हणून थांबावं, तर आमच्याकडे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे तीही सोय नाही. शेवटी मंडळाकडे तीनच गोळ्या उरल्या. राजाशिवाय वर्ष गावाने कधी पाहिलं नव्हतं.

विंडिंगसाहेब घाम पुसत बाकाकडे आले. "लॉरिट्स, तुमच्या पक्ष्याने आम्हाला पुरतं दमवलं बुवा. आता नियम राहू दे बाजूला. खुंटी तुम्हाला ठाऊक आहे. घ्या बंदूक, आणि व्हा राजे!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. भाऊजी उठले. ताठ चालत गेले, बंदूक खांद्याला लावली. साठ फुटांवरची छाती सोडाच, त्यांना खांबाचं टोकही दिसत नव्हतं. लोकांना मात्र वाटलं, नेम धरताहेत.

बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग बंदूक खाली घेतली.

"आक्सेल आहे का इथे?"

आक्सेल पुढे आला. धिप्पाड, तिशीचा गडी. याच्याच नावाची धमकी भाऊजींनी वर्षभर उशाशी घेतली होती. त्यांनी बंदूक त्याच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मधोमध मारू नकोस. डाव्या पंखाची खाच दिसतेय? तिच्याखाली दोन बोटं. तिथे खुंटी आहे."

सव्वीस वर्षं जे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं, ते असं भर कुरणात सांगून टाकलं.

पहिल्या गोळीने ढलपी उडाली. दुसरी चुकली. तिसरीला आधी काहीच झालं नाही, मग कर्र आवाज आला आणि छाती सबंध खाली आली. टोप्या उडाल्या, बँडने कर्णे उचलले. भाऊजी अजून वरच बघत होते.

"पडला, भाऊजी," मी जवळ जाऊन म्हटलं.

"आवाज आला मला."

विंडिंगसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "असा पक्षी बापजन्मी पाहिला नव्हता! पुढच्या वर्षीही तुम्हीच करायचा. माझा शब्द!"

हेच तर हवं होतं. खरं सांगते, मला आनंद झाला होता. त्यांनी नुसतं "हो" म्हणायचं होतं, आणि मी आणखी दहा वर्षं तोंड शिवून बसले असते.

"नाही, साहेब," भाऊजी म्हणाले. "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी चीर दिसली नाही म्हणून पडला, यंदा जाडी दिसली नाही म्हणून पडेना."

मला रडू आलं आणि भाऊजींचा रागही आला. आक्सेलच्या गळ्यात एव्हाना राजाची चांदीची साखळी पडली होती. तो टोपी हातात घेऊन अवघडून उभा होता. भाऊजींनी चाचपत त्याचा दंड धरला.

"पुढच्या वर्षी पक्षी तू कर, पण खुंटी दुसरीकडे ठोक," ते म्हणाले. "आणि कुठे ठोकलीस ते मलाही सांगू नकोस."