अंगठ्याखालचा आवाज

दिंडोशीच्या वसाहतीतलं समाजमंदिर त्या रविवारी माणसांनी ओसंडून वाहत होतं. चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत गेला होता. व्यासपीठावर कंठानंद महाराज, आणि त्यांच्या पायाशी एक पितळी परात. परातीत काय? पेढे नव्हेत, फुलं नव्हेत. औषधांची पाकिटं! बरं व्हायचं तर आधी डॉक्टरवरचा विश्वास परातीत टाकायचा, असा नियम.

महाराजांच्या समोर बसली होती सुलक्षणा. ती दिंडोशीच्याच कोर्टात शिपाई. पुकारा करायचा, म्हणजे खटल्यातल्या माणसांना दाराशी उभं राहून मोठ्यानं हाक मारायची, हे तिचं काम. खालच्या मजल्यावर चहा पिणारा वकीलही तिच्या हाकेला दचकायचा. तीन महिन्यांपूर्वी थायरॉईडची ग्रंथी काढली आणि शुद्धीवर आली तेव्हा आवाजाच्या जागी नुसता फुसफुसता वारा उरला होता. आता ती कोर्टात फायली वाहायची आणि पुकारा दुसराच कोणीतरी करायचा. याचा तिला भयंकर संताप यायचा, आणि तो ओरडून काढायचीही सोय नव्हती.

"डॉक्टरनी गाठ काढली," महाराज माईकवर गरजले, "पण गाठीत बसलेली दृष्ट कोण काढणार? एमबीबीएसला दृष्टीचा पेपर असतो का?"

हॉल खदखदून हसला. महाराजांनी तिच्या गळ्याच्या डाव्या बाजूला अंगठा रोवला. "बोल माऊली, आई जगदंबे!"

"आई जगदंबे!"

खणखणीत नव्हता, पण आवाज होता! सुलक्षणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अगो, आवाज इलो गो, आवाज इलो!" सासू, कुंदाबाई, हात जोडून रडायलाच लागल्या.

"एकवीस दिवस सगळ्या गोळ्या बंद, की आवाज कायमचा!" महाराज म्हणाले. सुलक्षणाचं मन जरा कचरलं. पण आपला आवाज तिनं आपल्याच कानांनी ऐकला होता. थायरॉईडच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिनं स्वतःच्या हातानं परातीत टाकल्या.

जिना उतरेपर्यंत आवाज गेलाही होता. तिसऱ्या दिवशी ओठांना आणि बोटांना मुंग्या येऊ लागल्या. कुंदाबाईंनी महाराजांना फोन लावला. "शक्ती उतरतेय," ते म्हणाले, "अडवू नका." चौथ्या दिवशी पोळ्या करताना बोटं अशी आखडली की हातातलं लाटणं सुटेना. तिच्या नवऱ्यानं, राजेशनं, आईचं काही एक न ऐकता तिला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटल गाठलं.

शिरेतून कॅल्शियम दिल्यावर बोटं सुटली. डॉक्टर गार्गी चांगल्याच भडकल्या होत्या. "कसली शक्ती? ऑपरेशनमध्ये शेजारच्या बारीक ग्रंथी दुखावतात, रक्तातलं कॅल्शियम घटतं. अजून थांबला असतात ना, तर झटके आले असते!"

"पण आवाज आला होता," सुलक्षणा फुसफुसली.

गार्गींनी तिच्या गळ्याच्या डाव्या बाजूला हलकेच अंगठा ठेवला. "म्हणा, आ."

"आऽऽ!"

राजेश बघतच राहिला.

"आवाजाचे दोन पडदे असतात, दाराच्या दोन फळ्यांसारखे. नस दुखावल्यामुळे तुमचा डावा हलत नाही. मग फट राहते, हवा निसटते. बाहेरून दाबलं की फट मिटते. अंगठा काढला की पुन्हा उघडते. नस सावरायला सहा महिने, वर्षही लागतं. नाहीच सावरली तर त्यावरही उपचार आहेत."

पुढच्या रविवारी सुलक्षणा सासूला घेऊन पुन्हा समाजमंदिरात गेली. रांगेत पुढे अस्मिता नावाची मुलगी होती. गळ्यावर ऑपरेशनचा ताजा व्रण, हातात गोळ्यांचं पाकीट. सुलक्षणा तिला सांगायला गेली, पण भजनाच्या गोंगाटात तिचं फुसफुसणं कोणाच्या कानी जाणार? खरं काय ते ठाऊक आहे आणि सांगायला गळा नाही, याची तिला चीड आली. ती तडक व्यासपीठावर चढली, माईक ओढला आणि स्वतःचाच अंगठा स्वतःच्या गळ्यावर दाबला.

"कंठानंद महाराज, हाजीर हो!"

भजन थांबलं.

"हा माझा अंगठा. मी कुठली देवी नाही, कोर्टातली शिपाई आहे. मघापासून बघतेय, नुसता घसा बसलेल्यांना हे भस्म देतात, आणि गळ्यावर व्रण दिसला की अंगठा लावतात. का? विचारा यांना!"

"बाधा आहे हिला!" महाराज किंचाळले. "खाली उतरवा!"

"उतर गं खाली, नाटकं करते!" मागून चार-पाच जण ओरडले. रांगेतली निम्मी माणसं तर जागची हललीही नाहीत.

तेवढ्यात कुंदाबाई पुढे झाल्या. "म्हाराज, हिची बोटां आखडली, तेवा तुमचो अंगठो खंय होतो?"

महाराजांनी माळ चाचपली. अस्मितानं गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि ती रांगेतून बाहेर पडली.

सुलक्षणाचा आवाज अजून परतलेला नाही. पूर्वीसारखा येईलच, असं गार्गीही म्हणत नाहीत. खऱ्या उपचाराला वेळ लागतो, आणि वाट बघताना माणूस मेटाकुटीला येतो. भोंदू नेमका तेव्हाच गाठतो. म्हणून कोणी तुम्हाला औषध टाकायला सांगितलं, तर आधी "का?" म्हणून विचारा. त्यावर तो तुमची श्रद्धा मोजू लागला, तर आपल्या गोळ्या उचला आणि सरळ घरी जा.