पाच कोपऱ्यांच्या खोलीतला कर्णा

मित्रांनो, मी एक कर्णा आहे. वयानं जुना, अंगानं सागवानी आणि तोंडानं बैलगाडीच्या चाकाएवढा. लग्नाच्या मांडवावर बांधतात तो पत्र्याचा भोंगा तुम्ही पाहिला असेल. तो माझा धाकटा चुलतभाऊ म्हणा. मला हलवायला चार माणसं लागतात, आणि मी एकटा कधी कामाला येत नाही. माझा एक जोडीदार आहे, हुबेहूब माझ्यासारखा.

आमचा जन्म नगरच्या एका सुताराकडे झाला. त्यानं माझा घसा मुठीएवढा अरुंद ठेवला आणि तिथून तोंडापर्यंत मला हळूहळू रुंद करत नेलं. माझी सगळी विद्या या आकारात आहे. घशाशी एक लहानसं यंत्र बसतं, त्याला युनिट म्हणतात. ते बारीक आवाजात बोलतं आणि मी ते बोलणं लांबवर नेऊन सोडतो.

शेवगावच्या एका थिएटरात आम्हाला पडद्यामागं उभं केलं. टाळ्या पडद्यावरच्यांना मिळत. आम्ही कोणाला दिसतही नव्हतो. पण ऑपरेटर गोरक्षनाथ दर शुक्रवारी आम्हाला मऊ फडक्यानं पुसत आणि म्हणत, “चला रं गड्यांनो, नवा खेळ हाय.” बाहेरच्या पानटपरीवरची माणसं तिकीट न काढता अख्खी गोष्ट ऐकून घरी जात. याहून मोठं कौतुक मला कधी मिळालं नाही.

पुढं थिएटर बंद पडलं. खुर्च्या विकल्या गेल्या, पडदा कोणी कांदा झाकायला नेला. गोरक्षनाथांनी आम्हाला भंगारात जाऊ दिलं नाही, आपल्या शेडमध्ये ठेवलं. तिथं कोंबड्या माझ्या तोंडात अंडी घालू लागल्या. आवाजासाठी घडवलेल्या तोंडात पेंढा भरलेला असणं काय असतं, ते मी सांगत बसत नाही.

गेल्या दिवाळीनंतर शेडचं दार उघडलं आणि थिएटरातले कर्णे शोधत स्टेलाबाई आत आल्या. जवळच्याच गावच्या या निवृत्त शिक्षिका. दर नाताळला दुपारी त्या गावच्या चर्चमध्ये ख्रिस्तजन्माचं कीर्तन करतात. त्या उन्हाळ्यात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आवाज वाचला, पण सुतासारखा बारीक झाला. जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोबत त्यांचा भाचा रॉबिन होता. तो सुप्याच्या कारखान्यात नोकरी करतो आणि चर्चचा माईक-स्पीकर सांभाळतो.

“आत्या, हे स्पीकर हायेत का खुराडं?” रॉबिन म्हणाला. “मी सांगतो ते ऐक. मागच्या वर्षीचं तुझं कीर्तन पेन ड्राइव्हमध्ये हाय. तेच लावू. तू नुसती पुढं बस.”

“म्हणजे जित्या बाईच्या फोटोला हार घालायचा?”

“तसं न्हाई गं...”

“तसंच आहे. बोलता येतंय तोवर मी बोलणार. बारीक तर बारीक.”

गोरक्षनाथांनी माझ्या तोंडातला पेंढा ओढून काढला. “बाई, ह्यांना जोर लागत न्हाई. तुमी हळू बोला, हे लांब फेकत्यात. पण खोली कशी हाय तुमची?”

खरी अडचण तीच होती. चर्चची खोली रस्ता आणि ओढा यांच्यामधल्या तिरक्या जागेवर बांधलेली. तिला पाच कोपरे, आणि त्यातला एकही सरळ नाही. वेदीजवळचे दोन कोपरे इतके चिंचोळे की टोकापर्यंत केरसुणी जात नाही. उजव्या हाताला नंतर वाढवलेलं एक दालन, तिथून वेदी दिसतच नाही. भाड्यानं आणलेल्या स्पीकरच्या डब्यांचा आवाज त्या कोपऱ्यांत शिरून उशिरा परत येई आणि पुढच्या शब्दावर आदळे. आवाज भरपूर, पण अर्थ काहीच लागत नसे. दालनात बसणाऱ्या मेरीआजी उघड म्हणत, “मी कीर्तनाला न्हाई, नंतरच्या चहाला येते.”

तरी स्टेलाबाईंनी आम्हालाच निवडलं. टेम्पोतून आम्ही त्या गावी पोचलो. रॉबिननं आम्हाला वेदीजवळच्या दोन कोपऱ्यांत सरकवलं, कारण मोठ्या वस्तू कोपऱ्यात ठेवायच्या अशी आपली रीत. खोली रिकामी होती. तो माईकमध्ये “हॅलो” म्हणाला आणि ते हॅलो भिंतीभिंतींवर आपटत राहिलं. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं आणि तोंडातून कालवा बाहेर पडला. मला लाज वाटली.

“झालं समाधान?” रॉबिननं वायर काढली. “आता माझं ऐक. सोमवारी हे परत, नाताळला पेन ड्राइव्ह.”

स्टेलाबाई बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, “रॉबिन, तू माझ्याच वर्गात शिकलास ना? दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गाचं कुलूप उघडलं की खोली कशी घुमायची?”

“लई घुमायची.”

“आणि पोरं येऊन बसली की?”

“मग न्हाई.”

“रिकाम्या बाकांना मी कीर्तन सांगणार नाही. रविवारी माणसं बसलेली असताना बघू. तेव्हाही नाही जमलं, तर तुझा पेन ड्राइव्ह लाव. मी पुढं बसेन, तोंड मिटून.”

हा शब्द त्यांनी सहज दिला नव्हता. बोलताना त्यांची बोटं गळ्यावरच्या व्रणाशी होती.

रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी मंडळींना थांबायला सांगितलं. शाली, स्वेटर, मांडीवरची पोरं, सगळं जागच्या जागी होतं. स्टेलाबाई माईकपुढं उभ्या राहिल्या आणि एक ओवी म्हणाल्या. कालवा बराच कमी झाला होता. माणसांच्या अंगांनी आणि कपड्यांनी आवाज पिऊन टाकला होता. पण दालनातून मेरीआजींची हाक आली, “अगं स्टेला, सुरू झालं की सांग!”

लोक हसले. रॉबिनचा हात आवाजाच्या बटणाकडं गेला.

“त्याला हात लावू नकोस,” स्टेलाबाई म्हणाल्या. “हा कर्णा बघतोय कुठं? भिंतीकडं. माणसं कुठं आहेत? ओढा याला बाहेर.”

चौघांनी मला कोपऱ्यातून ओढून काढलं. दालनाच्या तोंडाशी आणून माझं तोंड मेरीआजींकडे वळवलं. जोडीदाराला पुढं घेऊन मधल्या बाकांकडे केलं. स्टेलाबाईंनी तीच ओवी पुन्हा म्हटली, आधीइतक्याच हळू. या वेळी शब्द माझ्या घशातून निघाला आणि वाटेत कशावरही न आपटता माणसांत जाऊन बसला.

दालनातल्या माना वर झाल्या. मग मेरीआजी म्हणाल्या, “शेवटचा शब्द खाल्लास गं तू. नीट म्हण.”

रॉबिननं आत्याकडं पाहिलं आणि खिशातला पेन ड्राइव्ह त्यांच्या हातावर ठेवला.

नाताळच्या दुपारी स्टेलाबाई तासभर कीर्तनाला उभ्या होत्या. गव्हाणीतल्या बाळाजवळ मेंढपाळ येतात तो भाग त्यांनी जवळजवळ कुजबुजत सांगितला. एकदा त्यांचा आवाज फाटला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि त्याच शब्दापासून पुन्हा सुरू झाल्या. कोणी जागचं हललं नाही.

मित्रांनो, माझी मागणी थोडी आहे. काम झालं की तोंडावर स्वच्छ कापड टाका. घशात गांधीलमाश्यांना घर करू देऊ नका. माझी परीक्षा घ्यायची तर माणसं बसवून घ्या. आणि कोणाला ऐकू येत नसेल, तर आवाज वाढवण्याआधी मला त्याच्याकडे वळवा. मी जड आहे, चौघांना दमवतो. तरीही वळवा. येत्या नाताळला स्टेलाबाईंचा आवाज याहून बारीक झाला, तरी तो मेरीआजींपर्यंत नेणं माझं काम आहे, आणि मी ते करणार आहे.