डॅशबोर्डवरचा तोक्चिल

सोमवारी सकाळी दहा वाजता हाजिन गावच्या समाजमंदिरासमोर साठेक माणसं एका गाडीचा डॅशबोर्ड बघायला जमली होती. गाडी अठरा वर्षांची, राखाडी. बॉनेटवर डुकराचं उकडलेलं डोकं, टायरवर तांदळाची दारू, बंपरला पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला सुका मासा. यात नवल काही नव्हतं. गाडी घेतली की एवढं सगळेच करतात. नवल होतं दोन पिवळ्या दिव्यांचं. एक ब्रेकचा, दुसरा चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा. गाडीचा मालक तोक्चिल वारल्यावर तीन महिन्यांनी ते लागले आणि पुन्हा पुन्हा लागत राहिले.

"तोक्चिल गाडीतच बसलाय," भगत मेंग म्हणाला. "बायको चालवते आणि हा खालून ब्रेक दाबतो. सांग सुनोक, पेडल धडधडतं की नाही?"

"धडधडतं," तोक्चिलची विधवा सुनोक म्हणाली. "त्याच्या थडग्याखालच्या वळणावर. गाडी थांबत आली की कोणीतरी पाय वर ढकलतं."

गर्दी अर्धं पाऊल मागे सरली. हातातले मोबाइल अर्धं पाऊल पुढे गेले.

मेंगने चारही चाकांवर मूठमूठ जाडं मीठ फेकलं. मग ढोल घेतला. "दादा, मीठ घे, दारू घे, बायकोला सोड. कर चावी सुरू." सुनोकने चावी फिरवली. दोन्ही दिवे पेटले. ढोलाचे तीन ठोके पडले आणि तिसऱ्या ठोक्याला दिवे विझले. म्हाताऱ्यांनी हात जोडले.

हा चौथा सोमवार होता. दिवे दर वेळी असेच विझायचे आणि सुनोक गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत परत लागायचे. पहिल्या वेळी मासा लहान पडला होता. दुसऱ्या वेळी दारू दुकानातली निघाली. तिसऱ्या वेळी, मेंगच्या मते, सुनोक पुरेशी रडली नव्हती. आज त्याने शेवटचा उपाय सांगितला: गाडी एकोणपन्नास दिवस त्याच्या अंगणात ठेवायची.

"उद्या मंगळवार आहे," सुनोक म्हणाली.

हाजिनमध्ये मंगळवार म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती सासूला घाटापलीकडच्या हॉस्पिटलात डायलिसिसला नेते. तिकडे जाणारी एकमेव बस दुपारी सुटते. मशीनची वेळ सकाळी आठची.

"मुलाच्या आत्म्यापेक्षा हॉस्पिटल मोठं का?" मेंगने सासूकडे वळून विचारलं.

"माझ्या किडन्यांना विचारून सांगते," प्लास्टिकच्या खुर्चीतून सासू म्हणाली.

तेवढ्यात गर्दीतून थाक मिरान पुढे आल्या. तालुक्याच्या तंत्रशाळेत त्या बावीस वर्षं गाड्यांची दुरुस्ती शिकवतात. गावात त्यांना बाई म्हणतात.

"सुनोक, पेडल हॉस्पिटलच्या दारात थांबताना धडधडतं का गं?"

सुनोकने आठवून पाहिलं. "धडधडतं, बाई. बाजारातसुद्धा."

"बाजारात कोणाला पुरलंय?"

मेंग म्हणाला, "बाई, हे तुमच्या पुस्तकात नाही."

"असेल नाहीतर नसेल. गावप्रमुख, तुम्ही या. चावी बंद करा आणि परत फिरवा."

गावप्रमुख तोंडातला सुका माकूळ मासा चघळत आत बसले. चावी फिरवली. दिवे पेटले, तीन सेकंदांनी विझले.

"कुठला मंत्र म्हटलात?"

"मी खात होतो," गावप्रमुख म्हणाले.

"माझी शक्ती गाडीत उरलीय अजून," मेंग म्हणाला.

बाईंनी आपली व्हॅन आणवली, तिची चावी फिरवली. तेच दोन दिवे पेटले आणि विझले. "ही मेंगदादांनी आज पहिल्यांदा पाहिली. चावी फिरवली की यंत्रणा स्वतःला तपासते, तोवर दिवे लागतात. सुनोकची गाडी उभी असताना यंत्रणेला दोष सापडत नाही. तो चाक फिरल्यावरच कळतो."

गाडी गल्लीत वीस मीटर नेली. दिवे लागले. बाईंनी तपासणीचं यंत्र जोडलं. पडद्यावर मागच्या उजव्या चाकाचं नाव आलं. चाक काढलं. आत दात्यांची एक लोखंडी कडी असते; सेन्सर तिच्यावरून चाकाचा वेग मोजतो. ही कडी गंजाने फुगून तडकली होती.

"थांबता थांबता सेन्सरला वाटतं, चाक घसरलं. मग यंत्रणाच ब्रेक सोडते, धरते, सोडते. तेच पायाला लागतं. दिवा वाटेत लागतो-विझतो. विझलेला असताना हे होतं; लागला की यंत्रणा बंद पडते. साधे ब्रेक लागतात; पण बर्फावर जोरात दाबले तर चाकं अडकतील आणि गाडी घसरेल. चार आठवडे सुनोक असाच घाट चढतेय."

"पण तो गेल्यावरच कसं झालं?" सुनोकने विचारलं. एवढे दिवस तिला हेच छळत होतं, आपल्यावर त्याचा कसला राग राहिला.

"हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने लोखंड गंजतं. गाडी खालून कोण धुवायचं?"

"तोच. दर रविवारी, पाइपने." तिने गंजलेल्या कडीवरून बोट फिरवलं. "यंदा कोणीच धुतली नाही."

"आणि वरून यांनी चार सोमवार मूठमूठ भर घातली," सासू म्हणाली. मेंगने ढोल पिशवीत घातला.

शाळेच्या भंगारात तशीच कडी मिळाली. संध्याकाळपर्यंत ती बसली, दिवे विझले ते विझलेच. मंगळवारी पहाटे सुनोक थडग्याखालच्या वळणावर गाडी थांबवून खाली उतरली आणि वर बघून म्हणाली, "रविवारी धुते." आठला पाच मिनिटं कमी असताना सासू मशीनपाशी होती.

मेंग आता शेजारच्या गावात असतो. तिथे कोणाचातरी फ्रिज रात्री कण्हतो म्हणे. त्या गावाला आणि ज्यांच्याकडे तो उद्या येईल त्यांना एवढंच सांगणं: चमत्कार दिसला तर तीच गोष्ट मंत्र न म्हणता एकदा करून पाहा. दुसऱ्याच्या गाडीवरही करून पाहा. आणि दिवा लागला तर मेलेल्या माणसावर आळ घेण्याआधी चाक काढा.