तीन पायांचं कौतुक

मी वेंडेलची घडीची खुर्ची बोलतेय. नेब्रास्कातल्या एका दुकानात त्याने मला उघडलं, बसून पाहिलं आणि म्हणाला, "ही चालेल." एवढ्यावर माझं लग्न लागलं म्हणा ना.

त्याची मुलगी कोरा तेव्हा नऊ वर्षांची. दर शनिवारी सॉफ्टबॉलच्या मैदानाकडेला मी, वेंडेल आणि सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया. टरफलं निम्मी पेल्यात, निम्मी माझ्यावर. मी कधी तक्रार केली नाही.

कोरा सोळाची झाली. कॉलेजच्या संघात जागा हवी तर प्रशिक्षकांना खेळाचे व्हिडिओ पाठवावे लागतात. मग कॅमेऱ्याचा स्टँड घरात आला. माझे चार पाय धडधाकट असताना वेंडेल त्या तीन पायांच्या काटकुळ्यामागे उभा राहू लागला. त्याला मऊ पिशवी, गाडीत पुढची जागा. मी मागे, चिखलाच्या बुटांखाली. मैदानावर माझ्यावर बसायचं ते फक्त जॅकेट.

उभ्या माणसाला गप्प राहवत नाही. "कोपर, कोरा, कोपर." "पंच, चष्मा घरी राहिला का?" हे सगळं कॅमेऱ्यात जातंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

कोराला हव्या असलेल्या कॉलेजच्या प्रशिक्षक ओडेगार्डबाईंचा फोन आला, तेव्हा ती माझ्यावरच बसली होती.

"चेंडू छान टाकतेस. पण व्हिडिओत ओरडणारे ते गृहस्थ कोण?"

"माझे बाबा."

"मुलगी संघात घेते तेव्हा तिचं घरही घ्यावं लागतं मला. शनिवारी येते. तुला बघायला, आणि त्यांनाही."

कोराने वेंडेलला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, शनिवारी तू बस."

"आणि व्हिडिओ?"

"नुसता बस. खुर्चीत."

तो बसला, तोंडात बिया कोंबून. पाचव्या डावात कोराचे तीन चेंडू भरकटले. त्याने माझे हात असे आवळले की डावीकडची शिवण उसवली. पण तोंडातून शब्द नाही. खरं सांगते, मी खेळ पाहिलाच नाही. काटकुळा गाडीत पडलाय, याच आनंदात होते.

कोराला जागा मिळाली. शाळा संपली आणि ऑगस्टमध्ये ती गेली. तिथल्या मैदानात बसायला पक्के बाक आहेत, म्हणून मी आणि काटकुळा आता गॅरेजात, शेजारशेजारच्या खुंट्यांवर.

काल वेंडेलने मला काढलं, दाराकडे तोंड करून मांडलं आणि बिया चघळत बसला. त्याचं सगळं वजन माझ्यावर होतं, पण तो माझ्यापाशी नव्हता. तेव्हा कळलं, काटकुळ्यावर मी उगाच जळत होते. जळायचं तर कोरावर.

कोरा, सुट्टीला आलीस की त्याला मैदानावर ने. मलाही ने. त्या काटकुळ्याला मात्र खुंटीवरच राहू दे.