जड आणि हलकं

"हिला जड घाला हो. हलकं हिला बाधतं."

मित्रांनो, हा माझ्या मालकांचा आवाज. पंपावर गाडी थांबली की खिडकीतून डोकं बाहेर काढून ते हेच म्हणत. आता तो आवाज राहिला नाही, आणि माझाही राहिला नाही. मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभी आहे. उद्या भंगारवाला येणार आहे.

पोटात आग घेऊन जन्मले, म्हणून धावले. पण ती आग वेळेवर पेटावी लागते. मोठ्या ऑक्टेन आकड्याच्या पेट्रोलला मालक 'जड' म्हणत आणि लहान आकड्याच्या पेट्रोलला 'हलकं'. हे शब्द त्यांच्या घरचेच. तुम्हाला वाटेल, जड म्हणजे जहाल. तसं नाही. जड पेट्रोल धीराचं असतं. माझ्या इंजिनात सगळं फार दाबून भरलं जातं. जड तो दाब सोसतं आणि आपली वेळ येईपर्यंत थांबतं. हलकं उतावीळ. ते भलत्या वेळी भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर घाव घालतं. तेव्हा डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो.

मालक फार जपत. पंपावर टँकर रिकामा होत असला तर तिथे पेट्रोल भरत नसत. तळाचा गाळ ढवळलेला असतो म्हणत. थोरल्या मुलाचा कान माझ्या बॉनेटजवळ नेऊन त्यांनी त्याला माझा चांगला आवाज शिकवला आणि वाईटही. धाकटी लेक तेव्हा दूरगावी शिकत होती.

मग मालक अंथरुणाला खिळले. त्यांची वाचाही गेली. धाकटी नोकरी सोडून आली. डॉक्टर म्हणाले, यांना हलकंच द्या. तिने चमच्या चमच्याने हलकं भरवलं आणि त्या हलक्यावरच मालक आणखी काही काळ जगले. जाण्याआधी त्यांनी माझी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली. का, ते सांगायला त्यांच्यापाशी शब्द नव्हते. थोरला दारात उभा होता.

"हिला क्लच तरी दाबता येतो का?" एवढंच तो म्हणाला.

मालक गेल्यावर धाकटी मला पहिल्यांदा पंपावर घेऊन गेली, तेव्हा थोरला शेजारी बसला होता. कुठलं पेट्रोल घालायचं ते सांगणारा माझ्या टाकीच्या झाकणामागचा आकडा ओघळांनी कधीच पुसला होता. धाकटीला लहानपणी ऐकलेले ते दोन शब्द आठवत होते, पण त्यातला माझा कुठला ते आठवेना.

"दादा, बाबा हिला कुठलं घालायचे रे?"

"किल्ली तुझ्याकडे आहे. तुला वाटेल ते घाल."

तिने माझ्या दारावरून हात फिरवला. म्हणाली, म्हातारी झालीय बिचारी, जड कुठे पचणार, हलकंच घाला.

त्या दिवसापासून मी खडखडू लागले. वयानं हाडं वाजणारच, असं म्हणत ती मला आणखी हळू चालवी, आणखी हलकं पाजी. थोरला ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसे. मी खडखडत बाहेर पडले की तो पान उलटत असे.

धाकटीची एकच इच्छा होती. मालक जिथे शर्यत जिंकले, ती घाटाची चढण एकदा माझ्यासह चढायची. बाबांना तेव्हाच निरोप देईन, म्हणायची. त्याच घाटातल्या शर्यतीत तिने नाव दिलं आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा जीव तोडून पळवलं. मी पळालेही. शेवटून दुसऱ्या वळणावर माझ्या पोटात काहीतरी फुटलं आणि धुराने तिला समोरचं दिसेनासं झालं.

मेकॅनिकने भोक पडलेला पिस्टन फडक्यावर ठेवला आणि विचारलं, हिला पाजत काय होता? तिने सांगितलं. मग त्याने तिला सगळं समजावलं. पोरीच्या हाती दिली आणि गाडीची माती झाली, असं नातेवाईक म्हणाले. तिने खाली मान घालून ऐकलं. थोरल्याने तेव्हाही पान उलटलं.

मित्रांनो, झाकणामागे काय लिहिलंय ते वाचा. पुसलं असेल तर जाणत्याला विचारा. मायेपोटीसुद्धा अंदाजाने काही ओतू नका. आणि जाणता कुणी असेल, तर त्याने विचारल्यावर सांगावं. मेकॅनिक म्हणतो, हलक्या पेट्रोलने मला मारलं. मला तसं वाटत नाही.

आज संध्याकाळी धाकटी ओलं फडकं घेऊन आली. उद्या भंगारात जाणाऱ्या गाडीला ती पुसत होती आणि माफी मागत होती. मागून थोरला आला. जुन्या सवयीने त्याने बॉनेटला कान लावला. आत काहीच नव्हतं. तरी तो बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"छकुले," तो म्हणाला, "बाबा हिला जडच घालायचे. तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं."