ढगाआडचा धबधबा

सकाळी सातला फोन वाजला तेव्हा रामलिंग अंघोळीला गेला होता, म्हणून तो त्याच्या बायकोने, गुणाबाईने उचलला. इथेच घोटाळा झाला. फोन गावाकडून, शेजारच्या रानातल्या मारोतीचा होता. रात्री पाऊस आला, ताडपत्री उडाली आणि कापून रचून ठेवलेली सोयाबीनची गंजी भिजली, असं तो सांगत होता. आता ऊन पडलंय, आजच्या आज उघडून वाळत घातली तर माल वाचेल, नाहीतर शेंगांतच कोंब येतील. मजूर बायका लावून तो गंजी उघडायला तयार होता, फक्त मालकाचा शब्द हवा होता. दुसऱ्याच्या गंजीला मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही अहमदपूरजवळच्या त्या गावाची रीत. त्यावरून तिथे डोकी फुटलेली होती. सांगते ह्यांना, म्हणून गुणाबाईने फोन ठेवला आणि सांगितलं नाही.

तिचं चुकलंच, पण लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि बाईने साधा धबधबा पाहिला नव्हता. सहस्रकुंडचा धबधबा शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, तेही राहिलं. एकदा नांदेडच्या स्टँडवरून माघारी फिरावं लागलं, कारण बैलाने चारा सोडला होता. पुढच्या खेपेला विहिरीवरची मोटार जळाली. यंदा कोल्हापुरात शिकवणाऱ्या लेकीने, तनुजाने, दोघांना बोलावून घेतलं आणि आंबोलीचा धबधबा दाखवतेच म्हणाली. गंजीचं कानावर पडलं की रामलिंग पहिली एसटी धरणार, यात गुणाबाईला तिळमात्र शंका नव्हती.

लेकीबरोबर गाडीत बसली तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. घाट आला, जंगल आलं, फोनची रेंज गेली. पायऱ्या उतरताना पाऊस नसतानाही अंगावर पाणी ठिबकत होतं, कारण झाडाझाडांतून ढगच चालले होते. खोडांवर, दगडांवर हातभर शेवाळ. आणि धबधबा? त्याचा नुसता आवाज. समोर सगळं पांढरंफेक, हात लांब केला तर बोटं दिसेनात.

रामलिंग मात्र कधी नव्हे तो खुशीत होता. तो दगडावर फतकल मारून बसला. गुणाबाईने चारदा निघू या म्हटलं, चारदा त्याने थांबू म्हटलं. तिच्या डोळ्यांपुढे ढग नव्हताच, वाफाळलेली काळी गंजी होती. तिकडे ऊन डोक्यावर आलं असेल, मारोती वाट बघून जेवायला गेला असेल. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि आल्याचा आनंदही होईना.

"तुलाच बघायचा होता ना?" रामलिंग म्हणाला. "तुज्यासाठीच थांबलोय."

मग तिच्याने राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं, फोन किती वाजता आला इथपासून.

रामलिंगने चष्मा काढला. पुसला, परत घातला. मग म्हणाला, "तूच का न्हाई सांगितलं त्याला, उघड म्हणून? सातबाऱ्यावर तुजंबी नाव हाय."

गुणाबाईला रडू यायच्या आधी राग आला. बियाणं कोणतं घ्यायचं, बैल कधी विकायचा, हे तिला बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आता हा माणूस किती सहज बोलून मोकळा झाला. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिच्याही मनात ते आलं नव्हतं. सकाळी सातला एक शब्द बोलली असती तर गंजीही वाचली असती आणि धबधबाही डोळे भरून बघता आला असता.

ती उठली आणि तरातरा पायऱ्या चढू लागली. रामलिंग मागे. थोडं वर गेल्यावर खालून तनुजाने हाक मारली, आई, ढग सरला, मागे बघ. गुणाबाईने बघितलं नाही. फोनवर रेंजच्या दोन काड्या आल्या होत्या.

तिने लावलेला फोन मारोतीने लगेच उचलला आणि मालकाला द्या म्हणाला. तिने फोन रामलिंगपुढे धरला. त्याने तो घेतला नाही, तोंड फिरवून झाडाकडे बघत उभा राहिला.

"मीच सांगायले," गुणाबाई म्हणाली. "उघड ती गंजी."

मारोती म्हणाला, आता लई उशीर झाला वहिनी, चार बायकांनी व्हायचं न्हाई.

"मग आठ लाव," ती म्हणाली.