लेकीच्या वाटणीच्या गोळ्या

त्या सकाळी पंचफुला नेहमीसारखी अंगणात बसून वेचलेल्या कापसातला कचरा काढत होती. तिची लेक हेमला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आठवा महिना सांभाळत बाजेवर बसली होती. इंझोरी गावात फेरी असली की नर्सबाई आधी याच घरी येई, कारण पंचफुलेच्या हातचा चहा तिला आवडे. बाईनं हेमलाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, रक्तवाढीच्या लाल गोळ्यांची पुडी दिली आणि एक गोळी पंचफुलेपुढेही धरली. थकलेली दिसतेस, म्हणाली.

पंचफुलेनं कापसाचं गाठोडं पोटावर ओढलं. "मले कायले? लेकीले द्या."

पंचफुलेला सातवा लागला होता. घरात सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं कुणी नाही. लेक बाळंतपणाला आलेली असताना आईचंही पोट दिसावं, यासारखी नाचक्की नाही, असं हेमलाच्या आत्याचं, सोजरबाईचं मत. लुगडं सैल नेसायला तिनंच शिकवलेलं.

नर्सबाई गेल्यावर हेमलानं दोन गोळ्या आईच्या हातावर ठेवल्या. आईची नखं पांढरीफटक होती. आई हसली. "जावई म्हणन, बायको धाडली बाळंतपणाले, तं सासूच खाटीवर!" गोळ्या तिनं परत पुडीत टाकल्या. मग चुलीची माती खरवडून जिभेवर ठेवली, रोजच्यासारखी, आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी शेतातच तिला कळा आल्या. घरी आणलं तरी रक्त थांबेना. बैलगाडी वाशीमच्या रस्त्याला लागायच्या आतच सगळं संपलं, पोटातलंही. सोजरबाईनं गावाला सांगितलं, ताप डोक्यात गेला. आंघोळ घालणाऱ्या बायांनी पाहायचं ते पाहिलं आणि त्याही ताप म्हणाल्या.

हेमला बाळंत झाली ती आईविनाच. सोजरबाईनं पुडी उचलली. अंगावर पाजणाऱ्या बाईनं लोखंड खाल्लं तर दूध काळं होते, म्हणाली. हेमलानं पुडी तिच्या हातातून काढून घेतली आणि तिच्यासमोरच गोळी गिळली. "दूध पांढरंच हाये, आत्या. पाह्यचं असन तं पाह्य."

पुढच्या फेरीला नर्सबाई आली. अंगणात शेजारच्या बाया जमल्या. बाईनं पंचफुलेचं विचारलं. हेमलाचे वडील, उकंडराव, बैलांना वैरण टाकायला गोठ्याकडे वळले. सोजरबाई चटकन म्हणाली, ताप आला होता. बाया माना डोलवू लागल्या.

हेमलानं लेकरू दुसऱ्या अंगाला घेतलं.

"ताप नव्हता, बाई. माही माय गरवार होती. सातवा चालू होता. अंगात रगत नव्हतं, नि हे तुमाले सांगाची आमाले लाज वाटे."

सोजरबाईनं डोळे वटारले.

"डोळे कायले दाखवतं, आत्या? लेक बाळंत व्हायची म्हणून मायनं पोट लपवावं, हे कोणं ठरवलं? मी आज अंगणात सांगतलं. उद्या बाजारात उभी राहून सांगीन. माही माय लाजेनं मेली."